एका शॉटचा जमाखर्च : सिनेमातील दृश्य-चमत्कृती आणि त्यामागची कामे

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थिनीने बँक, विमा आणि प्राप्तिकर सोडून सिनेमातील चमत्कृतींवर लेख लिहावा, हे काही वाचकांना खटकेल. परंतु गेली दोन वर्षे कनिष्ठ महाविद्यालयातील मुले, मराठी विभागातली असोत की कन्नड विभागातली, एकच प्रश्न विचारताना मी ऐकते आहे : "ॲनिमेशनचा कोर्स कसा?" आमच्याच घरात धाकट्या भावाने हा प्रश्न काढला, तेव्हा बाबांनी तो माझ्याकडे सोपवला. हिशेब शिकतेस ना, मग फी किती आणि मिळकत किती ते सांग, असे त्यांचे म्हणणे. चौकशी करू लागल्यावर ध्यानात आले, की 'ॲनिमेशन' नावाचे एक काम नाहीच. तिथे वीसेक वेगवेगळे धंदे आहेत, आणि कोणत्या धंद्यासाठी फी भरायची आहे हे ठरल्याखेरीज मिळकतीचा प्रश्नच विचारता येत नाही.

ही चौकशी मुख्यतः इंदूरला झाली. माझी आत्या तेथे रामबागेत राहते आणि आतेभाऊ याच व्यवसायात आहे. त्याला आम्ही दादा म्हणतो. लेखात पुढे जेथे 'दादा' येईल तेथे तोच समजावा.

प्रथम शब्दांचा घोळ मिटवू. ज्यात पडद्यावरचे सर्वच चित्र हाताने वा संगणकाने निर्माण केलेले असते, ते ॲनिमेशन. कॅमेऱ्याने टिपलेल्या खऱ्या चित्रात नसलेली वस्तू बेमालूम मिसळणे, अथवा असलेली वस्तू नाहीशी करणे, याला व्हिज्युअल इफेक्ट्स किंवा व्हीएफएक्स म्हणतात. चित्रीकरणाच्या जागीच खरा पाऊस पाडणे, धूर सोडणे, मोटार उडवणे हे तिसरेच काम असून त्याला स्पेशल इफेक्ट्स म्हणतात. आपली आजी या तिन्हींना मिळून 'ट्रिकसीन' म्हणते, आणि तिचे फारसे चुकत नाही, कारण आपल्याकडे या तिन्हींचा मूळपुरुष एकच आहे.

दादासाहेब फाळके 1912 साली इंग्लंडहून विल्यमसन कॅमेरा घेऊन आले. भांडवल देणाऱ्यांची खात्री पटावी म्हणून त्यांनी कुंडीत वाटाण्याचे बी पेरले आणि कॅमेरा त्याच्यापुढे रोखून ठराविक अंतराने एकेक चित्र घेत राहिले. अनेक दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत दिसली. 'अंकुराची वाढ' नावाची ही छोटी फिल्म म्हणजे आपल्याकडील चित्राचौकटीच्या हिशेबाचा पहिला धडा होय. पुढे त्यांनी आगकाड्या हलवून, दर हालचालीला एक चित्र घेत 'आगकाड्यांची मौज' केली. ते ॲनिमेशन झाले. 'लंकादहन' (1917) आणि 'कालिया मर्दन' (1919) यांतील चमत्कार म्हणजे आजच्या भाषेत व्हीएफएक्स. फाळक्यांची पूर्वतयारी पाहावी. जे. जे. कलाशाळेत आणि बडोद्याच्या कलाभवनात शिक्षण, छायाचित्रणाचा धंदा, पुराणवस्तू खात्यात नोकरी, छपाईचे ब्लॉक करण्याची विद्या आणि जादूचे प्रयोगही. फिल्मला कडेची भोके पाडणे, ती धुणे या कामांत सरस्वतीबाई त्यांच्या बरोबरीने रात्र जागवीत. सारांश, आज ज्या कामांना वीस जण लागतात ती कामे तेव्हा एक कुटुंब करीत होते.

आपल्या भागाला अधिक जवळचे उदाहरण कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचे. नाटकाचे पडदे रंगवणारा हा कलावंत. सपाट कापडावर राजवाडा असा रंगवायचा की पिटातल्या प्रेक्षकाला तो खरा वाटावा, ही त्यांची विद्या. महाराष्ट्र फिल्म कंपनीसाठी त्यांनी 1923 साली 'सिंहगड' काढला. तोच कोंढाणा, तोच तानाजी 2020 साली 'तान्हाजी' या हिंदी चित्रपटात आला तेव्हा गडाचा कडा, दरी आणि रात्र यांचा मोठा भाग संगणकावर उभा राहिला होता. त्या कामाचे प्रमुख प्रसाद सुतार होते आणि त्याबद्दल त्यांना फिल्मफेअरचे पारितोषिकही मिळाले. दोन चित्रपटांत सत्त्याण्णव वर्षांचे अंतर आहे. गरज मात्र तीच : नसलेला गड दाखवणे.

आता इंदूर. दादा मुंबईच्या एका स्टुडिओसाठी काम करतो, पण बसतो रामबागेतच. त्याच्या टेबलावरील पडद्यावर जे दिसते ते चित्र प्रत्यक्षात मुंबईच्या संगणकात असते. गुप्ततेच्या करारामुळे त्यातली एक चौकटही घरच्या संगणकात उतरवून घेता येत नाही. 2020 च्या टाळेबंदीनंतर ही पद्धत वाढली आणि इंदूरसारख्या शहरातील मुलांना घरी राहून काम मिळू लागले. (दादाची मराठी अस्सल इंदुरी आहे. "हा शॉट तीन दिवसांपासून परत येऊन राहिला आहे" असे तो म्हणतो. प्रथम हसू येते, मग त्या वाक्यातला वैताग कळतो.)

शॉट म्हणजे काय? कॅमेरा सुरू झाल्यापासून थांबेपर्यंतचा चित्रपटातला एक सलग तुकडा. सिनेमात सेकंदाला 24 चौकटी, तेव्हा पाच सेकंदांच्या शॉटमध्ये 120 चौकटी. अडीच तासांच्या चित्रपटात 2,16,000. व्हीएफएक्सचे सारे काम, सारे वेतन आणि सारी भांडणे चौकटी व शॉट यांच्या मापाने चालतात.

एक शॉट घेऊन त्याच्याबरोबर चालू. नायक हिरव्या कापडापुढे उभा आहे. मागे जुना वाडा आणि मावळता सूर्य हवा. नायकाला वर उचलणारी तार चित्रात दिसते आहे, ती जायला हवी. कॅमेरा हळूहळू डावीकडे सरकतो आहे.

चित्रीकरणाच्या जागीच पहिला कामकरी हजर असतो. त्याला डेटा रँग्लर म्हणतात. कॅमेऱ्याची उंची, झुकाव, भिंगाचा क्रमांक, अंतरे, प्रकाशाची दिशा हे सर्व तो वहीत टिपतो. एक चकचकीत आणि एक करड्या रंगाचा गोळा कॅमेऱ्यापुढे धरून त्यांचे चित्र घेतो. चकचकीत गोळ्यात भोवतालचे दिवे दिसतात, करड्या गोळ्यावर प्रकाशाची धार कळते. त्या नोंदी नीट नसतील तर पुढची दहा माणसे अंदाजाने काम करतात. त्याच्या वर असतो व्हीएफएक्स सुपरवायझर. दिग्दर्शकाला हवे ते कसे साधेल, काय खरे उभारावे आणि काय पुढे संगणकावर करावे, हे तो ठरवतो. ही जागा पंधरा-वीस वर्षांच्या अनुभवाने मिळते. अभ्यासक्रम पुरा करून कोणी सुपरवायझर होत नाही, जाहिरातीत काहीही छापलेले असो.

शॉट स्टुडिओत आला की तो मॅचमूव्ह करणाऱ्याकडे जातो. खरा कॅमेरा जसा सरकला तसाच खोटा कॅमेरा संगणकात सरकवणे हे त्याचे काम. वाडा नायकामागे स्थिर उभा राहायचा असेल तर दोन्ही कॅमेऱ्यांची चाल तंतोतंत जुळली पाहिजे, नाहीतर वाडा बर्फावरून घसरल्यासारखा दिसतो. या कामाला भूमिती आवडणारा मनुष्य लागतो.

दुसरीकडे रोटो सुरू असतो. रोटोस्कोप हे अमेरिकेतील मॅक्स फ्लायशर यांनी शोधलेले यंत्र. त्याचे पेटंट त्यांना 1917 साली मिळाले. चित्रित फिल्मची एकेक चौकट काचेवर टाकून वरून रेखाटन करायचे, अशी त्याची रीत होती. आज त्या नावाने चालते ते काम असे : नायकाची आकृती पार्श्वभूमीपासून वेगळी काढण्यासाठी तिच्याभोवती चौकटीमागून चौकट रेषा ओढायची. हाताला एक आकार पुरत नाही. तळवा वेगळा, प्रत्येक बोट वेगळे, बोटाचे पेर वेगळे. हिरव्या कापडापुढचे चित्र संगणक रंग ओळखून बरेचसे आपोआप वेगळे करतो, पण कापड जेथे संपते, किंवा कापड लावताच आले नाही, तेथे रोटोखेरीज गत्यंतर नाही. पेंट किंवा प्रेप करणारा त्या शॉटमधील तार, दोर, चुकून आलेला माईक पुसतो आणि पुसलेल्या जागी मागे काय असायला हवे होते ते भरतो.

मॅचमूव्ह, रोटो आणि पेंट ही तीन कामे या धंद्याचे मुख्य दार आहेत. परदेशी चित्रपटांची ही कामे भारतात मोठ्या प्रमाणावर आली ती येथील वेतन कमी म्हणून, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. बहुतेक मुले या दारातून आत जातात. दादाही रोटोतूनच गेला. काही जण मात्र वर्षानुवर्षे दारातच बसून राहतात.

नायकाबरोबर एखादा राक्षस चालायचा असता, तर आणखी एक रांग लागली असती. मॉडेलर त्याचे शरीर घडवतो, टेक्श्चर करणारा कातडीचा रंग आणि खरखरीतपणा देतो, रिगर आत हाडांचा सापळा बसवतो, ॲनिमेटर त्याला चालवतो, एफएक्स कलाकार पायाखालची धूळ उडवतो, लाइटिंग करणारा त्यावर वहीतल्या नोंदीप्रमाणे प्रकाश टाकतो. यातला रिगर कोण, हे पुष्कळांना कळत नाही. सिंधुदुर्गातील पिंगुळीच्या ठाकर कलावंतांच्या कळसूत्री बाहुल्या किंवा कर्नाटकातील तोगलु गोंबेयाट ज्यांनी पाहिला असेल त्यांना लगेच उमगेल. बाहुलीचा कोणता सांधा कोठे वळेल, दोरी कोठे बांधायची, हे ठरवणारा तो रिगर. दोऱ्या हातात घेऊन तिला रडवणारा किंवा नाचवणारा तो ॲनिमेटर. पहिल्याला शरीररचना व थोडे प्रोग्रॅमिंग यावे लागते, दुसऱ्याला अभिनय. चांगले ॲनिमेटर आरशासमोर उभे राहून स्वतः चालून बघतात. लाजाळू माणसालाही हे काम जमते, कारण पडद्यावर त्याचा चेहरा येत नाही.

आपल्या शॉटमध्ये राक्षस नाही, वाडा आहे. वाडा आणि संध्याकाळ रंगवणारा तो मॅट पेंटर. पूर्वी हे काम काचेवर रंगांनी करीत, आता छायाचित्रे आणि रंग मिसळून संगणकावर करतात. वस्तू दूर गेली की तिचा रंग कसा फिकट आणि निळसर होतो, उन्हाची तिरीप भिंतीवर किती पसरते, हे डोळ्याला कळावे लागते. येथे मला इंदूरचा विशेष वाटला. दत्तात्रय देवळालीकर या मराठी कलाशिक्षकाने होळकर संस्थानच्या काळात इंदूरच्या चित्रशाळेत पिढी घडवली. ना. श्री. बेंद्रे तेथेच शिकले, मकबूल फिदा हुसेन यांनीही तेथे धडे घेतले. शिष्य बाहेर बसून निसर्गचित्रे काढीत. हेच हुसेन पुढे मुंबईत सिनेमाचे मोठमोठे फलक रंगवून पोट भरीत. दादाला चित्रकलेचे प्राथमिक धडे त्याच परंपरेतल्या एका वृद्ध शिक्षकांनी दिले, विनामूल्य. त्याच्या बरोबर रोटो करणाऱ्या मुलांपैकी त्याला बढती लवकर मिळाली याचे कारण तो स्वतः तेच देतो. सॉफ्टवेअर सर्वांना येत होते. सावली कोठे पडेल हे त्याला न मोजता दिसत होते.

शेवटी सर्व तुकडे येतात कॉम्पोझिटरकडे. दादाचे आजचे काम हे. नायक, वाडा, आकाश, धूळ यांना एकत्र बसवून असे करायचे की ते एकाच वेळी एकाच भिंगातून टिपल्यासारखे वाटावेत. काळ्याचा काळेपणा जुळवायचा, कॅमेऱ्याचा बारीक दाणा जुळवायचा, नायकाच्या खांद्यावर संध्याकाळची लाली आणायची. बहुतेक ठिकाणी हे काम न्यूक नावाच्या सॉफ्टवेअरवर चालते. प्रेक्षकाला काहीच लक्षात आले नाही तर कॉम्पोझिटर पास.

आता माझ्या शाखेचा विषय. आम्हांला परिव्यय लेखांकनात 'जॉब कॉस्टिंग' शिकवतात. प्रत्येक ऑर्डरचा वेगळा खर्चपत्रक तक्ता करायचा असतो. व्हीएफएक्समध्ये प्रत्येक शॉट ही अशी ऑर्डर आहे आणि खर्चाचे माप आहे कलाकार-दिवस. समजुतीसाठी आकडे मी कल्पिले आहेत : वरील शॉटला रोटो 4 दिवस, पेंट 2, मॅचमूव्ह 1, मॅट पेंटिंग 5, कॉम्पोझिटिंग 4, एकूण 16 दिवस. जागा, वीज, संगणक, सॉफ्टवेअरचे भाडे धरून दिवसाचा खर्च 3,000 रुपये मानू. खर्च 48,000. त्यावर दहा टक्के नफा म्हणजे 4,800. स्टुडिओ निर्मात्याला 52,800 रुपयांचा भाव देतो आणि तो ठरतो.

काम झाल्यावर दिग्दर्शक म्हणतो, संध्याकाळ नको, पहाट करा. मॅट पेंटिंगला आणखी 2 दिवस, कॉम्पोझिटिंगला 3. खर्च 15,000 रुपये. भाव ठरलेला असल्याने हे पैसे कोण देणार? करारात बदलांची संख्या लिहिलेली नसेल तर स्टुडिओच देतो. 4,800 चा नफा जाऊन 10,200 चा तोटा. दादाचा "परत येऊन राहिलेला" शॉट तो हाच. आणि स्टुडिओ जेव्हा तोटा भरू शकत नाही तेव्हा तो भरतो कलाकार, रात्री जागून.

हे केवळ वहीतले गणित नाही. 'लाइफ ऑफ पाय' (2012) मधला वाघ ज्या 'ऱ्हिदम अँड ह्यूज' या अमेरिकन स्टुडिओने घडवला, त्याच्या शाखा मुंबई आणि हैदराबादेतही होत्या. 2013 च्या फेब्रुवारीत त्या वाघासाठी ऑस्कर मिळाले, आणि त्याच महिन्यात स्टुडिओने दिवाळखोरीचा अर्ज केला. समारंभस्थळाबाहेर व्हीएफएक्सचे शेकडो कामगार निदर्शने करीत होते; आत पारितोषिक स्वीकारणारे सुपरवायझर स्टुडिओच्या अडचणीबद्दल बोलू लागले तेव्हा वाद्यवृंदाचा आवाज वाढवण्यात आला. दुसरे उदाहरण कन्नड विभागाच्या वाचकांना अधिक जवळचे. 2025 च्या फेब्रुवारीत टेक्निकलर समूह कोसळला आणि त्याची बंगळूरची मोठी शाखा बंद झाली. 'द जंगल बुक' (2016) सारख्या चित्रपटांत जेथील कलाकारांचा हात होता, तेथील हजारो कर्मचारी एकाएकी बेकार झाले. दोन्ही ठिकाणी कलेत कमतरता नव्हती. कामाचा दर्जा आणि ताळेबंदाचा दर्जा ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे आमच्या प्राध्यापकांना सांगायला नको, पण बारावीच्या मुलाला जरूर सांगावे.

याच कारणाने एक काम मला वाणिज्य विद्यार्थ्यांसाठी मोलाचे वाटते आणि त्याची जाहिरात कोणतीच संस्था करीत नाही. ते म्हणजे प्रॉडक्शन कोऑर्डिनेटरचे. कोणता शॉट कोणाकडे आहे, किती दिवस खर्ची पडले, किती उरले, बदल कितव्यांदा आला, तो करारातल्या कामात मोडतो की जादा, याची रोजची नोंद तो ठेवतो. त्याच्या वरची पायरी लाइन प्रोड्यूसर, आणि भाव ठरवणारा तो बिडिंग प्रोड्यूसर. ज्याला खर्चपत्रक कळते, रोटो चार दिवसांचा की सहा दिवसांचा हे चित्र पाहून सांगता येते, आणि परदेशी ग्राहकाला सभ्य इंग्रजीत "हा बदल जादा आहे" असे लिहिता येते, त्याची स्टुडिओला गरज असते. आमच्यासारख्या मराठी माध्यमातून आलेल्यांची अडचण तिसऱ्या गोष्टीत येते. पण व्यापारी पत्रव्यवहाराचा पेपर आपण देतोच. तोच नीट करावा. शिवाय स्टुडिओत बंगळूरचे, हैदराबादचे, मुंबईचे, इंदूरचे लोक एकत्र असतात. दोन भाषा घरातच शिकलेल्या सीमाभागातील मुलांना तिथे माणसे सांभाळणे जड जाऊ नये.

प्रोग्रॅमिंग आवडणाऱ्यांसाठी पाइपलाइन टीडी नावाची जागा असते. एका विभागाचे काम दुसऱ्याकडे आपोआप जावे अशी साधने तो बहुधा पायथन भाषेत लिहितो. बी. सी. ए. च्या मुलांनी याची चौकशी करावी. मला त्यातले फार कळत नाही.

आता फीचा प्रश्न. इंदूरच्या भवरकुआँ भागात शिकवण्यांचे असे जंगल आहे की विजेच्या खांबावर खांब दिसत नाही, पत्रकेच दिसतात. त्यांत ॲनिमेशनची पत्रके कमी नाहीत. आत्याच्या शेजारच्या एका मुलाच्या वडिलांनी भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून सव्वादोन लाख रुपये भरले. चौदा महिन्यांत त्याला मॉडेलिंगपासून कॉम्पोझिटिंगपर्यंत सर्व काही थोडे थोडे दाखवण्यात आले. शेवटी त्याने शो-रील केली. शो-रील म्हणजे स्वतःच्या उत्तम कामाचा एक-दोन मिनिटांचा नमुना. या धंद्यात प्रमाणपत्र कोणी पाहत नाही, रील पाहतात. त्याच्या रीलमध्ये एक मोटार, एक रोबो, एक स्फोट आणि एक उडणारा पक्षी होता. मुंबईला चाचणीत विचारले, तुला यातले नेमके काय येते? पुढचे आठ महिने घरी बसून तो फक्त रोटो आणि पेंट शिकला आणि मग त्याला नोकरी मिळाली. सव्वादोन लाखांत जे मिळाले नाही ते त्याने विनामूल्य पाठांवरून मिळवले, हे ऐकून बाबा बराच वेळ गप्प होते.

त्यावरून मी भावासाठी काही प्रश्न लिहून दिले. गेल्या वर्षी येथून बाहेर पडलेल्यांची रीले दाखवाल काय? त्यांपैकी कोण कोणत्या विभागात लागले? शिकवणाऱ्याने स्वतः कोणत्या चित्रपटाचे काम केले आहे? एकाच विभागावर सहा महिने देता येतील काय? फी हप्त्याने घेता का, आणि मध्ये सोडल्यास? दोन संस्थांत त्याने हे विचारले. एकीत उत्तरे मिळाली, दुसरीत चहा मिळाला.

रोटोबद्दल आणखी एक. आकृती ओळखून आपोआप कापणारी साधने दरवर्षी सुधारत आहेत आणि सोपे रोटो आता यंत्र करू लागले आहे. गुंतागुंतीच्या शॉटला, केसांना, धूसर हालचालीला माणूस अजून लागतो. पण जे दार आतापर्यंत सर्वांत रुंद होते तेच आधी अरुंद होणार हे उघड आहे. म्हणून रोटोत शिरणाऱ्याने दोन वर्षांत कॉम्पोझिटिंगकडे सरकायची तयारी पहिल्या दिवसापासून ठेवावी, असे दादाचे म्हणणे आहे. मला ते पटते. चित्रकलेचा पाया हवा असेल तर मुंबईचे जे. जे., इंदूरचे शासकीय ललितकला महाविद्यालय अशा संस्था आहेत. पदवीनंतर ॲनिमेशनचे सखोल शिक्षण अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था आणि मुंबई आय. आय. टी. चे डिझाइन केंद्र येथे मिळते, पण त्यांची प्रवेशपरीक्षा कठीण असते. कर्नाटकाने 2012 मध्येच या उद्योगासाठी स्वतंत्र धोरण केले, 2025 मध्ये मध्य प्रदेश आणि महाराष्ट्र यांनीही केले. धोरणांतील सवलती प्रामुख्याने स्टुडिओ काढणाऱ्यांसाठी असतात. विद्यार्थ्याने त्यांच्या बातम्या वाचून फी भरू नये.

फी भरण्यापूर्वी स्वतःची परीक्षा घेण्याचा एक मार्ग बिनखर्चाचा आहे. ब्लेंडर नावाचे सॉफ्टवेअर 2002 पासून सर्वांना मोफत खुले आहे. मॉडेलिंग, रिगिंग, ॲनिमेशन, मॅचमूव्ह, कॉम्पोझिटिंग सर्व त्यात करता येते. लाटव्हियाच्या गिंट्स झिलबालोडिस यांनी 'फ्लो' हा चित्रपट त्यावरच केला आणि 2025 साली त्याला सर्वोत्कृष्ट ॲनिमेशनपटाचे ऑस्कर मिळाले. आठ जीबी मेमरीचा आणि बऱ्यापैकी ग्राफिक्स असलेला संगणक सुरुवातीला चालतो. भाऊ मे महिन्यापासून रोज दोन तास त्यावर बसतो. त्याने प्रथम एक पितळी तांब्या केला, मग त्यावर खिडकीतून येणारे ऊन पाडायचा प्रयत्न केला. तांब्या एका दिवसात झाला. ऊन पडायला अकरा दिवस लागले, आणि त्यातले चार दिवस तो संगणक बंद करून स्वयंपाकघरातल्या खऱ्या तांब्याकडे बघत बसला होता. कलाकार-दिवसांच्या हिशेबात हे बारा दिवस मी मांडून ठेवले आहेत.